निमकी

हडर्सफील्डचा म्युनिसिपल तलाव, मंगळवार, पहाटेचे साडेसहा.
पाण्यावर ट्यूबलाइटचे तुकडे.
डोरीन ॲकरॉइड, वय बहात्तर,
गळ्यात स्टॉपवॉच, कानामागे पेन्सिल,
म्हणाली: आधी चारशे. मग दम खा. मग दोनशे.
दोन्ही जीव तोडून.

चारशेच्या वेळेतून दोनशेची वजा कर,
उरेल त्याचं अर्धं.
तो तुझा शंभर मीटरचा वेग,
न मोडता धरून ठेवता येईल असा.

मी हसले. ही तर निमकी!
कासेगावच्या शाळेत बाकावर उभं राहून म्हटलेली:
बे निमे एक, तीन निमे दीड.
पोहणंही त्याच गावच्या विहिरीतलं,
पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून.
तिथे वेग दोनच,
काठ सापडेपर्यंतचा
आणि सापडल्यानंतरचा.

अकरा वीस. पाच दहा.
सहा दहाचं अर्धं, तीन पाच.
डोरीनने वहीत लिहिलं, जसं लाइट मीटरचं रीडिंग लिहावं.
शेजारच्या लेनमधला पोस्टमन क्लाइव्ह
त्याचं एक पन्नास घेऊन शॉवरकडे गेला,
शीळ घालत.

तेवीस वर्षं मी लोकांच्या वह्या तपासते.
कुठला आकडा कुठून फुगवलाय
मला वासावरून कळतं.
म्हणून तर सहा आठवड्यांनी,
दुसऱ्या चाचणीच्या आदल्या रात्री,
भांडी विसळता विसळता दिसली ती फट:
दोनशे जितके रमतगमत
तितकी वजाबाकी लहान,
तितकी मी वेगवान.
हळू पोहून जलद होता येतं!
कढई तशीच राहिली सिंकमध्ये.

अकरा आठ. पाच अठ्ठावीस.
पाच चाळीसचं अर्धं, दोन पन्नास.
डोरीनची पेन्सिल जरा वेळ हवेतच थांबली.
मग तिने लिहिलं.
काही बोलली नाही, फक्त
टोपीत खोचायला तो पिवळा बीपर दिला,
सुपारीएवढा, दोन पन्नासवर लावून.
दर साडेबेचाळीस सेकंदांनी एक बीप,
बीप झाला की भिंतीला हात.
असे शंभर आठ वेळा.

पहिल्या शंभरात भिंत आणि बीप
एकमेकांचे हात धरून आले.
दुसऱ्यात मी अर्धा हात मागे.
तिसऱ्यात तो वाजला तेव्हा
भिंत अजून निळसर, लांब,
दुसऱ्याच कुणाची.
चौथ्यात श्वास घ्यायला वळले
आणि क्लोरीनचा घोट घेतला.
पाचव्यात लेनच्या दोराला लटकले,
बीप मात्र कानाशी चालूच,
वसुलीला आलेल्या माणसासारखा,
शांत, वक्तशीर.

पाण्याला व्हाउचर दाखवता येत नाही.

"कुणाचा वेग होता गं तो?" डोरीनने वरून विचारलं.
मी गॉगल कपाळावर सरकवला
आणि सांगून टाकलं.
हसली नाही. रागावलीही नाही.
खोडायला म्हणून मी वही मागितली तर म्हणाली,
"असू दे तिथे. आकडा वाईट नाही,
फक्त लवकर आलाय."

नोव्हेंबरात, बाहेर अजून रात्र,
मी दोनशे असे पोहले
की शेवटच्या भिंतीशी हात कुठला, फरशी कुठली
कळेना.
अकरा शून्य. पाच शून्य.
सहाचं अर्धं मला माहीत होतं,
तरी डोरीनने लिहीपर्यंत मी गप्प राहिले.

बारा आठवडे. पाच सेकंद.
पाच सेकंदांत केटलीला साधा घाम फुटत नाही.
क्लाइव्हला सांगितलं, तर त्याने शीळ थांबवली
आणि ओल्या हाताने हात मिळवला.

आता बीपर तीनवर असतो.
बहुतेक वेळा आम्ही बरोबरीने पोहोचतो.
कधी, एखाद्या शंभरात,
मी थोडी आधी येते
आणि फरशीवर हात टेकून
त्याची वाट बघते.